एकाच रानात लोक-१ उभा, गोदावरी पिवळी : गव्हाला मीठ नेमकं कुठे लागतं?

वारणाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:१०

राम राम मंडळी. वाळवा तालुक्यात आमचं नदीकडच्या अंगाला ३० गुंठ्यांचं रान आहे. वडिलांच्या काळात तिथे आडसाली ऊस माणूस दिसणार नाही एवढा वाढायचा. पुढे पाणी जास्त होत गेलं, निचरा राहिला नाही आणि मीठ फुटायला लागलं. उन्हाळ्यात सकाळी गेलं तर ढेकळांवर पांढरी साय धरलेली दिसते. तीन वर्षांपूर्वी उसाचा खोडवा जागच्या जागी बसला, तेव्हापासून तिथे ऊस बंद केला.

यंदा १८ नोव्हेंबरला गहू पेरला. निम्म्या रानात लोक-१ आणि निम्म्यात गोदावरी, म्हणजे बन्सी. आईला शेवया-कुरडयांसाठी बन्सी हवा होता. पेर एका दिवशीची, खत तेच, पाणी त्याच बोअरचं. आज ५५ दिवस झाले. लोक-१ ला तीन-चार फुटवे आहेत, रंग बरा आहे. गोदावरीला एक, फार तर दोन फुटवे. पिवळी पडलीय आणि बांधावरनं बघितलं तरी फरक कळतो.

दुकानदार म्हणतो झिंक कमी पडलं. वडील म्हणतात, "बन्सीला हे रान मानवत नाही." मला दोघांचंही पटतंय आणि दोघांचंही पटत नाही. मीठ जात बघून मारतं का? मारत असेल तर झाडात नेमकं काय होतं? आणि आता या टप्प्यावर हाताला काही लागेल का?

सदाफुली | १२ जानेवारी, रात्री ९:४२

खालची पानं आधी वाळतायत की वरची? आणि टोकाकडून की बुडाकडून?

वारणाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:५५

खालची. टोकाकडनं वाळत आत येतायत, कडा जळल्यागत. वरचं कोवळं पान हिरवं आहे पण आखूड.

मातीवाले_काका | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

नोकरीची सगळी वर्षं माती तपासण्यात गेली, म्हणून आधी मातीचं बोलतो. तुमच्याकडे माती परीक्षणाचा जुना कागद असेलच. त्यावर ईसी, म्हणजे मिठाचं माप, किती आहे, आणि ती कोणत्या पद्धतीने काढलीय?

वारणाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

काका, कागद आहे. ईसी २.१, सामू (पीएच) ८.३. पद्धत १:२.५ लिहिलीय. मी वाचलं होतं की गहू ६ पर्यंत सोसतो, म्हणून बिनघोर पेरला.

मातीवाले_काका | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

इथेच गफलत होते, आणि फार चांगल्या शेतकऱ्यांची होते. त्यात तुमचा दोष नाही. कागदावर ही गोष्ट कोणी समजावून लिहीत नाही.

पुस्तकात गव्हासाठी जो ६ डेसीसायमन प्रति मीटरचा आकडा दिसतो, तो संपृक्त अर्काचा आहे. म्हणजे मातीची जेमतेम लापशी होईल एवढंच पाणी घालून त्यातून निथळलेल्या पाण्याची ईसी. तुमच्याकडच्या भारी काळ्या मातीच्या १०० ग्रॅमला लापशी व्हायला ७०-८० मिली पाणी लागतं. १:२.५ पद्धतीत त्याच १०० ग्रॅमला २५० मिली पाणी घालतात. मीठ तेवढंच राहतं आणि पाणी तिपटीहून जास्त होतं. मग आकडा लहान दिसणारच. तुमचे २.१ संपृक्त अर्कात ७ च्या आसपास जातील असा माझा अंदाज आहे. बोअरच्या पाण्याचा आणि मातीचा दोन्हींचा नमुना द्या, आणि माती "संपृक्त अर्कावर करा" असं सांगून द्या. विनिमयक्षम सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाणही मागा. ते १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण झाली. ते कमी आणि ईसी ४ च्या वर असेल तर ती नुसती क्षारयुक्त. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. कागद येईपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून जिप्सम विकत घेऊ नका.

कर्नालचा_पाहुणा | १३ जानेवारी, रात्री १०:२०

मूळचा परभणीचा. शिक्षणासाठी काही काळ कर्नालला होतो. तिथे १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे, आणि गहू व मीठ हा तिथला रोजचा विषय. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

वारणाकाठ, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. मीठ गव्हाला दोनदा मारतं.

पहिला मार तहानेचा. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की ते पाणी ओढायला मुळाला जास्त जोर लागतो. रान ओलं दिसतं, झाड मात्र तहानलेलं राहतं. मिठाचा मुळाशी संबंध आल्यापासून काही तासांत, दिवसांत नव्या पानाची वाढ मंदावते. पानं आखूड राहतात, फुटवे कमी येतात. हा मार थोड्याफार फरकाने सगळ्या जातींना बसतो.

दुसरा मार सावकाश येतो, आणि तुम्ही वर्णन केलंत तो हाच. मुळातून पाण्याबरोबर सोडियम वर चढतो. पाणी पानातून उडून जातं, सोडियम तिथेच साठतो. ज्या पानाने जास्त दिवस पाणी उडवलं त्यात जास्त साठा, म्हणून खालची जुनी पानं आधी जळतात, तीही टोकाकडून. सदाफुली यांनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता. आता शर्यत अशी लागते की नवं पान फुटण्याचा वेग जास्त की जुनं मरण्याचा? जुनी पानं वेगाने गेली तर ओंबीला पोसायला कोणी उरत नाही.

जातीजातींतला फरक प्रामुख्याने या दुसऱ्या मारात दिसतो. लोक-१ सरबती, म्हणजे नेहमीचा पोळीचा गहू आहे. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रं असतात आणि त्यांचे तीन संच, ए, बी आणि डी. बन्सीत २८ गुणसूत्रं, संच दोनच, ए आणि बी. डी संच सरबतीला एका रानगवताकडून मिळाला. त्यातल्या ४डी गुणसूत्राच्या लांब भुजेवर केएनए१ नावाची जागा आहे. मुळातून वर निघालेल्या रसातला सोडियम तिथेच मुळाच्या पेशींत परत ओढून घ्यायचं काम ती करते. पोटॅशियमला वाट मोकळी, सोडियमला अडवणूक. बन्सीकडे डी संचच नाही, म्हणून ही राखणही नाही. त्याच्या पानात सोडियम जास्त पोचतो.

झिंकचा पिवळेपणा वेगळा असतो, त्यात पानाच्या मधल्या भागात पट्टे-ठिपके येतात. क्षारपड रानात झिंकही कमी असू शकतं, पण तुमच्याकडे पहिला गुन्हेगार मीठच दिसतो.

पूर्णाकाठ | १४ जानेवारी, सकाळी ९:००

पाहुणे, तुमचं शास्त्र खरं असेल, पण माझ्या डोळ्यांनी पाह्यलेलं उलट आहे. मी दर्यापूरकडचा. आमचा सगळा खारपाणपट्टा, अमरावती-अकोला-बुलढाण्याचा. विहिरीचं पाणी जिभेवर धरवत नाही. आमच्या आजोबांनी जन्मभर बन्सीच पेरला, आणि तोही खाऱ्या मुलखात. दिवाळीच्या सुमारास ओल पाहून पेरायचे आणि एकदम कापायलाच जायचे. पोळी अशी व्हायची की दुसऱ्या दिवशीही मऊ. मग बन्सीला मीठ सोसत नाही हे मी कसं मानू?

कर्नालचा_पाहुणा | १४ जानेवारी, दुपारी १:३०

पूर्णाकाठ, फार मोलाचा मुद्दा. एकच विचारतो, आजोबा त्या बन्सीला विहिरीचं पाणी देत होते का?

पूर्णाकाठ | १४ जानेवारी, दुपारी २:१०

नाही जी. विहिरीचं पाणी दिलं तर रान दगड होते. माझ्या काकांनी एक वर्ष हरभऱ्याला दिलं होतं. पुढची दोन वर्षं त्या तुकड्यात पावसाचं पाणी मुरलंच नाही, वरच्यावर साचून राहायचं. त्यानंतर कोणी हिंमत केली नाही.

कर्नालचा_पाहुणा | १४ जानेवारी, रात्री ९:४५

मग दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्याकडे पावसाचं गोड पाणी त्या काळ्या मातीत मुरतं, बन्सी त्या ओलीवर वाढतो आणि वरून खारं पाणी येत नाही. मिठाशी त्याची गाठ फार उशिरा, फार थोडी पडते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'शरद' हा बन्सी वाण कोरडवाहूसाठीच दिला. गुजरातेत खंभातच्या आखाताच्या वरच्या अंगाला भाल प्रदेश आहे, जमीन खारवट. तिथला भालिया गहू हाही बन्सीच, आणि तोही मुरलेल्या ओलीवर, बिनपाण्याचा. २०११ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे गहू मीठ अंगावर घेत नाहीत, ते मिठाला गाठू देत नाहीत. तुमच्या आजोबांनी जात आणि रीत जोडीने सांभाळली होती. वारणाकाठ यांच्याकडे जात ती आली पण रीत बागायती, तीही बोअरच्या पाण्याची.

पूर्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री १०:०५

हे पटलं. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

हुलगेश्वरी | १५ जानेवारी, सकाळी १०:४०

खपलीचं काय हो? आमच्या सांगलीकडे गव्हाची खीर खपलीशिवाय होत नाही. रात्री भिजत घालायचा, उखळात सडायचा, गूळ, वेलदोडा, जायफळ, वरून ओलं खोबरं. माझ्या सासूबाई म्हणायच्या खपली कुठंही येतो, खडतर रानाचा गहू आहे. मग मिठाच्या रानात खपली का नको?

कर्नालचा_पाहुणा | १५ जानेवारी, दुपारी १२:१५

हुलगेश्वरीताई, खीर वाचून भूक लागली. खपली काटक आहे, तांबेऱ्याला चांगला टिकतो, म्हणून सासूबाईंचं म्हणणं खरंच. पण गुणसूत्रांच्या हिशोबात तो बन्सीचा भाऊ. तोही २८ वाला, डी संच नाही. त्यामुळे तांबेऱ्याला टिकतो म्हणून मिठालाही टिकेल असं धरून चालू नये. आधी दोन सऱ्यांत पेरून बघावा, मगच रानभर.

विज्ञानबाई | १५ जानेवारी, रात्री ८:३०

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मुलांबरोबर हाच प्रयोग केला होता, म्हणून सांगते. लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम मीठ. त्याची ईसी साधारण १० येते. बशीत ओला कागद, त्यावर एका बाजूला सरबती, दुसऱ्या बाजूला बन्सी, आणि साध्या पाण्याच्या बशा वेगळ्या.

मुलांची खात्री होती की मिठाच्या पाण्यात काही उगवणारच नाही. पण दोन्ही उगवले, फक्त एक-दीड दिवस उशिरा. मुलं हिरमुसली, प्रयोग फसला म्हणाली. मग आम्ही तीच रोपं वाळूच्या कुंड्यांत लावली, तेच पाणी देत राहिलो. तिसऱ्या आठवड्यानंतर फरक दिसायला लागला. बन्सीचं पहिलं पान टोकाकडून गेलं, मग दुसरं. एका मुलीने रोज पानं मोजून वहीत लिहिली होती. त्या वहीतून मला कळलं की गव्हाची मिठाशी झुंज उगवण्यात नसते, पुढे असते. बशीतल्या उगवणीवरून "ही जात मिठाला चालते" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मातीवाले_काका | १६ जानेवारी, सकाळी ६:४५

बाई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. रोज मोजणारी माणसं आमच्या खात्यात मोठ्या मोलाची असायची.

आकडेमोड | १६ जानेवारी, सकाळी ११:२०

मला एक शंका आहे. पिकांच्या क्षारसहनतेचा मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा तक्ता बघितला. गव्हाला उंबरठा, म्हणजे उत्पन्न घटायला लागतं ती ईसी, ६.० आणि पुढच्या प्रत्येक एककाला ७.१ टक्के घट. पुढे वाढवलेल्या तक्त्यांत बन्सीला, म्हणजे ड्युरमला, उंबरठा ५.९ आणि घट फक्त ३.८ टक्के. मग ईसी १० ला सरबती २८ टक्के पडतो आणि बन्सी १६ टक्केच. हे तर पाहुण्यांच्या बरोबर उलट झालं!

कर्नालचा_पाहुणा | १६ जानेवारी, रात्री ९:१०

शंका रास्त आहे, मीही त्यावर अडलो होतो. त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, बुटक्या सरबती गव्हाची. उंबरठा ८.६ आणि घट ३.० टक्के. बुटक्याचे आणि ड्युरमचे आकडे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एकाच प्रयोगातले, म्हणून त्यांची तुलना एकमेकांशीच करायला हवी. ६.० आणि ७.१ हे त्याआधीचे, वेगळ्या प्रयोगांचे. लोक-१ बुटका आहे. त्या हिशोबाने ईसी १० ला बुटका सरबती ४ टक्के पडतो आणि ड्युरम १६ टक्के.

शिवाय तक्त्यातली घट ही त्या जातीच्या स्वतःच्या चांगल्या रानातल्या उत्पन्नाशी तोलून काढलेली असते. "कोण कमी पडला" ते त्यातून कळतं, "कोणी जास्त पिकवलं" ते कळत नाही. शेतकऱ्याला दुसरं हवं असतं.

पर्थकर | १७ जानेवारी, पहाटे ५:५०

पश्चिम ऑस्ट्रेलियातून. इथल्या गव्हाच्या पट्ट्यात खारपड तुमच्यासारखी पाटाच्या पाण्याने आली नाही. शेतीसाठी खोल मुळांची रानं तोडली, जमिनीतलं पाणी प्यायला झाडं उरली नाहीत, पाण्याची पातळी वर आली आणि खालचं मीठही घेऊन आली. १९२४ सालीच वुड नावाच्या एका रेल्वे अभियंत्याने हे कारण लिहून ठेवलं होतं. आगगाडीच्या इंजिनांसाठी साठवलेलं पाणी खारं का होतंय, हे शोधता शोधता ते त्याला उमगलं.

बन्सीवर इथे झालेलं काम सांगतो. राणा मन्स आणि सहकाऱ्यांना सीएसआयआरओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेत एक ड्युरम असा सापडला की त्याच्या पानात सोडियम फार कमी. शोध घेतल्यावर कळलं की अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्या पूर्वजाचा एकदाणी गव्हाशी, म्हणजे फार जुन्या १४ गुणसूत्रांच्या गव्हाशी, संकर केला होता. तिथून दोन जनुकं आली, एनएएक्स१ आणि एनएएक्स२. दुसरं साध्या पैदाशीनेच तमारोई नावाच्या ड्युरममध्ये आणलं. २०१२ मध्ये निकाल आला : खाऱ्या रानात, जनुक नसलेल्या त्याच वाणापेक्षा २५ टक्के जास्त दाणा. म्हणजे बन्सीच्या नशिबी कायमचं मीठ लिहिलेलं नाही. आपल्या बन्सी वाणांत हे कधी येईल याची मी मनापासून वाट बघतोय.

इतिहासवेडा | १७ जानेवारी, सकाळी ११:००

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. दक्षिण इराकमध्ये, सुमेरी लोकांच्या मुलखात, इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास गहू आणि जव साधारण निम्मे-निम्मे होते. इसवी सनापूर्वी १७०० पर्यंत गहू जवळजवळ नाहीसा होतो आणि जवच उरतो. जेकबसेन आणि अॅडम्स यांनी १९५८ मध्ये मांडलं की कालव्यांच्या पाण्याने जमिनी खारावल्या आणि जव गव्हापेक्षा मीठ जास्त सोसतो, म्हणून हे घडलं. त्यांचा तो गहू बहुतेक आपल्या खपलीच्या कुळातला. साडेपाच हजार वर्षांपूर्वीही हाच धागा कोणीतरी मातीच्या पाट्यांवर लिहिला असता.

सदाफुली | १७ जानेवारी, दुपारी १२:३०

सुंदर. पण या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. पाटीवरच्या शब्दांचे अर्थ, करपद्धती, लोकांची आवड यांचाही वाटा असू शकतो. सगळं मिठावर ढकलू नये.

इतिहासवेडा | १७ जानेवारी, दुपारी १:००

मान्य. तरी जव मिठात गव्हाच्या पुढे टिकतो एवढं तर खरं ना?

आकडेमोड | १७ जानेवारी, दुपारी १:२०

जुन्या तक्त्यात जव ८.०, गहू ६.०. ऊस १.७. कांदा १.२. वारणाकाठ यांच्या रानात ऊस आधी का बसला आणि गहू का उभा राहिला, हे या आकड्यांतच आहे.

शिरोळचा_संभा | १७ जानेवारी, रात्री ९:३०

हे सगळं वाचतोय. चांगलं लिहिताय सगळे. पण मी स्पष्ट बोलतो. जातीच्या मागं लागून रान सुधारत नाही. आमच्या शिरोळ तालुक्यात अशी रानं हजारो एकर आहेत. मी स्वतः एका नातेवाईकाकडनं उत्तरेचं "मीठ सोसणारं" बी आणलं होतं. कुठलं केंद्र, कोण दुकानदार, ते सोडून द्या. उंची चांगली झाली, पण आमच्या हवेत उशिरा निसवलं, फेब्रुवारीच्या उन्हात सापडलं आणि दाणा बारीक झाला. शेवटी शेजारच्या सात जणांना एकत्र करून भूमिगत सच्छिद्र पाईप टाकले, चार फुटांच्या आसपास खोल. पहिल्या पावसाळ्यात पाईपच्या तोंडातून जे पाणी आलं ते चाखून बघितलं मी. मीठच. दुसऱ्या वर्षी हरभरा आला, तिसऱ्या वर्षी ऊस.

कर्नालचा_पाहुणा | १८ जानेवारी, सकाळी ७:५०

संभादादा, तुमचा अनुभव सगळ्यांनी वाचावा असा. ते बी केआरएल मालिकेतलं असणार. त्या मालिकेचं मूळ राजस्थानच्या पाली जिल्ह्यातला खारचिया गहू. मारवाड जंक्शनला जुने लोक अजून खारची म्हणतात, तो मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यावर हा गहू राखला. मिठात जगभर नावाजलेला, पण उंच, लोळणारा, लाल दाण्याचा, तांबेऱ्याला बळी पडणारा. कर्नालला खारचिया ६५ चा पंजाबच्या डब्ल्यूएल ७११ शी संकर करून केआरएल १-४ काढला, तो १९९० मध्ये आला. मग केआरएल १९, पुढे २१०, २१३, २८३. हे उत्तरेच्या मैदानी थंडीसाठी निवडलेले वाण. तिथे थंडी लांब असते, आपल्याकडे आखूड. मीठ सोसण्याची ताकद आणली तरी ऊन सोसायची आणली नाही तर दाणा मार खातो.

पण जात बिनकामाची म्हणू नका. पाईप टाकायला सात जण एक व्हायला लागतात, पैसा लागतो, वर्षं लागतात. तोवर त्या रानात काय पेरायचं? तिथे जात उपयोगी पडते.

शिरोळचा_संभा | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

हां, तोवरचं म्हणत असाल तर कबूल.

वारणाकाठ | २९ जानेवारी, रात्री ८:४५

मंडळी, कागद आला. काका, तुमचा अंदाज अचूक निघाला. संपृक्त अर्काची ईसी ७.४, सामू ८.३, विनिमयक्षम सोडियम ९ टक्के. बोअरच्या पाण्याची ईसी २.९. आता काय करू? गोदावरी निसवायला लागलीय, पण ओंब्या आखूड आहेत.

मातीवाले_काका | ३० जानेवारी, सकाळी ६:२०

म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. जिप्समचा खर्च वाचला. तुमच्या मातीला निचऱ्याची आणि धुवून काढायला गोड पाण्याची गरज आहे.

आता पाण्याचा हिशोब ऐका, बसून ऐका. ईसी १ म्हणजे लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. २.९ ला साधारण १.८५ ग्रॅम. एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी धरलं तर एकराला २ लाख ४३ हजार लिटर. म्हणजे एका पाळीत एकरी साडेचार क्विंटल मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने रानात सोडता. पाच पाळ्यांत सव्वादोन टन. पावसाळ्यात ते खाली वाहून गेलं तर ठीक. खाली वाटच नसेल तर ते उन्हाळ्यात परत वर येतं, तीच तुमची पांढरी साय.

यंदाच्या गव्हाला एवढंच करता येईल : नदीचं किंवा पाटाचं पाणी मिळत असेल तर ते फुलोऱ्याच्या आणि चीक भरायच्या पाळीला द्या, बोअरचं शेवटच्या पाळीसाठी ठेवा. रान कडक वाळू देऊ नका, ओल कमी झाली की मातीतलं मीठ आणखी तिखट होतं.

कर्नालचा_पाहुणा | ३० जानेवारी, रात्री ९:००

काकांना जोडून. गव्हाला मीठ सर्वांत जास्त लागतं ते कोवळ्या वाढीच्या आणि ओंबीची घडण पोटात सुरू असतानाच्या काळात, साधारण पहिल्या दीड-दोन महिन्यांत. फुटवे किती आणि ओंबीला कणसुल्या किती, हे तेव्हाच ठरून जातं. दाणा भरतानाचा मार त्यामानाने कमी. म्हणून पुढच्या वर्षी गोड पाणी थोडंच मिळणार असेल तर ते पेरणीआधीच्या ओलवणीला आणि १८ ते २१ दिवसांच्या, मुकुटमुळं फुटायच्या पाळीला द्या. बोअरचं मागाहून. बियाणं नेहमीपेक्षा पाव हिश्शाने जास्त टाका. फुटवे कमी येणार हे धरूनच रोपं जास्त ठेवायची.

हुलगेश्वरी | ३० जानेवारी, रात्री ९:२५

म्हणजे बाळंतपणासारखंच, पहिले महिने जपायचे.

वारणाकाठ | २१ मार्च, रात्री ९:५०

मळणी झाली. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून विज्ञानबाईंच्या त्या मुलीसारखं मीही मोजलं.

दोन्हींचं रान सारखं, १५-१५ गुंठे. लोक-१ चा दाणा ४ क्विंटल २० किलो झाला. गोदावरी २ क्विंटल ४०. चांगल्या रानात लोक-१ एवढ्या जागेत ६ क्विंटलला टेकतो. म्हणजे लोक-१ सुद्धा पडलाच, तक्त्यात आहे त्यापेक्षा जास्त पडला. कारण रानात मीठ सारखं नाही. वरच्या पाटाकडच्या चार सऱ्या उत्तम, खालच्या बांधाकडे टक्कल. कागदावरचा ७.४ हा सगळ्या रानाची माती एकत्र कालवून आलेला आकडा.

दुसरं, दोन्हींचा दाणा बारीक झालेला नाही. गोदावरीचा तर चांगला टपोरा, काचेसारखा आहे. ओंब्याच कमी आणि आखूड. पाहुणे, तुम्ही म्हणालात तसंच, दाण्यांची संख्या आधीच ठरून गेली होती.

वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. डी संचाचं ऐकून ते म्हणाले, "मी नाव न घेता तेच सांगत होतो." आईने गोदावरीच्या शेवया केल्या. पिवळ्याधमक झाल्या, तुटल्या नाहीत.

पुढच्या साली खालच्या बांधाकडे गहू नाही, हिरवळीच्या खताचा धैंचा गाडून बघणार. वरच्या अंगाला लोक-१, आणि पाटाच्या कडेच्या चार सऱ्यांत आईचा बन्सी, गोड पाण्यावर. संभादादा, पाईपचं बोलणं सुरू केलंय. ओढ्यापर्यंत जायला खालच्या तिघांच्या रानातनं वाट लागते. दोघं हो म्हणाले. तिसऱ्यांचं म्हणणं, तुमचं मीठ माझ्या रानातनं कशाला?

शिरोळचा_संभा | २१ मार्च, रात्री १०:१५

आमच्याकडेही एकजण असंच म्हणाला होता. वाहून नेणारा पाईप बंद असतो, त्याच्या रानात एक थेंब उतरत नाही, उलट त्याच्याही रानाला जोड देता येते. हे तोंडी सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. रविवारी त्यांना घेऊन आमच्याकडे या. तोंडाशी पाणी कसं पडतं ते बघू दे, हवं तर चाखू दे. नाहीतर मी येतो तुमच्याकडे, सकाळच्या गाडीने निघतो.

वारणाकाठ | २१ मार्च, रात्री १०:२२

दादा, आम्हीच येतो. तिघांनाही आणतो. येताना शेवया आणतो.

हुलगेश्वरी | २१ मार्च, रात्री १०:४०

शेवया दुधात शिजवायच्या आधी तुपावर परता, आणि त्या तिसऱ्या काकांना पहिली वाटी द्या.